ओठांवर बोट

काल न्यूयॉर्कमध्ये मित्राने एका बंद दुकानासमोर नेऊन उभं केलं. ना पाटी, ना दिवा. मला वाटलं, पठ्ठ्या पत्ता चुकला. त्याने बेल दाबली, दारातली छोटी खिडकी सरकली, दोन डोळे दिसले आणि आम्ही आत! (पासवर्ड बुकिंगच्या ईमेलमध्येच आला होता, त्यामुळे थरार तसा बेताचाच.)

आत इतका अंधार की मेनू वाचायला मोबाइलचा टॉर्च लावावा लागला. मी 'बीज नीज' नावाचं कॉकटेल मागवलं. जिन, लिंबू आणि मध. आलं ते चहाच्या कपात, बशीसकट! दारूबंदीच्या काळात अशा छुप्या बारवर, म्हणजे 'स्पीकईझी'वर, धाड पडलीच तर चहा वाटावा म्हणून हा बनाव. पहिल्या घोटाला नुसता मध, मग लिंबाचा चिमटा, जिन अगदी शेवटी घशात. चोरून बनवलेल्या जिनला म्हणे असा उग्र दर्प असायचा की तो झाकायला काहीतरी गोड लागायचंच.

१९२० ते १९३३, अमेरिकेत दारू बनवणं, विकणं, वाहून नेणं गुन्हा होता. पिणं मात्र नव्हता! डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध म्हणून व्हिस्कीही मिळायची. त्या काळात किती जण 'आजारी' पडले असतील!

निघताना दारावरच्या माणसाने ओठांवर बोट ठेवलं. 'स्पीकईझी' म्हणजे मुळात हळू बोला. आम्ही मात्र जिन्यातच मोठमोठ्याने बिलाचे डॉलर वाटून घेत होतो.