तुम्ही विचारलंत म्हणून: वसतिगृह लहान का केलं?

रविवारची उपासना आटोपली की चर्चच्या आवारात कुणी ना कुणी मला गाठतंच. "बाई, पूर्वी वसतिगृहात दीडशे मुलं असायची. आता तीसही नाहीत. प्रभूचं काम असं कमी का केलंत?" नगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती बालसंस्थेची जबाबदारी मी एकवीस वर्षं सांभाळली. विचारणाऱ्यांतले काही जण अशाच वसतिगृहात वाढलेले आहेत. त्यांना तुटक उत्तर देववत नाही, म्हणून सविस्तर सांगते.

आमच्याकडची बहुतेक मुलं ऊसतोड कामगारांची. पाथर्डी, आष्टी, पाटोदा या भागातून दिवाळीच्या आगेमागे कोयते निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, त्यांचा मुक्काम उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. मूल सोबत नेलं की शाळा बुडाली. म्हणून आईबाप आमच्याकडे यायचे आणि आम्ही मुलं ठेवून घ्यायचो. पण हंगाम संपला तरी मूल परत जायचं नाही. "इथं पोटभर जेवतोय, राहू दे," असं तेही म्हणायचे आणि मीही.

एका मे महिन्यात दुसरीतल्या एका मुलाची आई आली. पाचटानं चिरलेले हात, पिशवीत भुईमुगाच्या शेंगा. पोरगा धावत आला, तिच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाला, "मावशी, बसा ना." स्वयंपाकाच्या, झोपवणाऱ्या, भेटायला येणाऱ्या, आमच्याकडे सगळ्या बायका मावशीच. ती काही बोलली नाही. पायरीवर बसून शेंगा फोडत राहिली आणि एकेक दाणा त्याच्या तळहातावर ठेवत राहिली.

त्या रात्री मी हजेरीचं रजिस्टर काढलं. जवळजवळ प्रत्येक नावापुढे आई नाहीतर बाप, कुणीतरी हयात होतं.

मोशेची गोष्ट आपण रविवारच्या शाळेत शिकतो. नदीत सापडलेलं बाळ फारोच्या मुलीनं सांभाळायला दिलं ते त्याच्याच आईकडे, आणि वर तिला वेतन दिलं. खर्च राजवाड्याचा, मांडी आईची. इतकी वर्षं शिकवूनही हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

कुणी मला पंडिता रमाबाईंचं उदाहरण देतं. 1896-97च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून मुली आणल्या, केडगावला मुक्ती हा त्यांचा आश्रम उभा राहिला. मला त्यांच्याविषयी अपार आदर आहे. पण त्या मुलींना मागे आसराच उरला नव्हता. आमच्या मुलांना आई होती, फक्त पैसे नव्हते. 2015च्या बालन्याय कायद्यातही संस्था हा शेवटचा उपाय मानलाय.

मग आम्ही पैसा घराकडे वळवला. हंगामात मूल आजीजवळ, गावातच. आजीला किराणा, मुलाला वह्या, संध्याकाळी अभ्यासवर्ग. विधवा आई असेल तर सरकारच्या बाल संगोपन योजनेची फाईल करायची: उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, बोनाफाईड, मग बालकल्याण समितीपुढे हजर राहायचं. महिन्याला 2250 रुपये मंजूर व्हावेत म्हणून आमचे कार्यकर्ते तहसीलला किती खेटे घालतात, ते देणगीदारांना दिसत नाही. त्यांना इमारत दिसते, रांगेत गाणारी मुलं दिसतात. काही देणग्या थांबल्या. तरी मी हेच पुन्हा करीन.

चूकही सांगते. एका मुलीला आम्ही घरी पाठवलं आणि वर्षभर तिकडे फिरकलो नाही. पंधराव्या वर्षी तिचं लग्न लावलं, जोडी झाली की उचल मिळते म्हणून. त्याचं उत्तर मला द्यावं लागेल. तेव्हापासून घरी पाठवलेल्या प्रत्येक मुलाकडे दर महिन्याला जायचं, असा नियम केला. ज्यांना कुणीच नाही किंवा ज्यांना घरातच धोका आहे, त्यांच्यासाठी वसतिगृहाच्या खोल्या राखल्या.

त्या मुलीची लेक आता अंगणवाडीत जाते. आमच्या यादीत तिचं नाव आहे, पत्ता आईचा.