आमची वाटचाल : व्याजाचा रकाना नसलेली खतावणी

जळगावात पतसंस्थांचे हिशेब लिहून देण्याचा आमचा व्यवसाय लाल कापडी पुठ्ठ्याच्या रोजकीर्दीपासून संगणकापर्यंत आला. मधली बरीच वर्षे सुरळीत गेली, त्यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. लिहायचे आहे ते धुळ्याच्या एका बिनव्याजी पतसंस्थेच्या कामाविषयी.

त्या संस्थेचे सचिव उर्दू शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक होते. मी त्यांना सर म्हणत असे आणि ते मला भाऊ. कुरआनातील सर्वांत मोठी आयत, म्हणजे सूरा बकराची 282 वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे आणि लेखनिकाने तो न्यायाने लिहावा असे तीत बजावले आहे, हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितले. मी मुसलमान नाही. पण हिशेब लिहिणाऱ्याला इतका मान कोणी दिल्याचे तोवर माझ्या ऐकिवात नव्हते.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये व्याजदर शून्य टाकला की कर्जखातेच उघडत नसे. म्हणून पहिली दोन वर्षे त्यांची खतावणी मी हाताने लिहिली: कर्जे हसनाची, म्हणजे बिनव्याजी उसनवारीची, एक वही, मुराबहाची दुसरी. मुराबहात संस्था सभासदाच्या हाती रोकड देत नाही, वस्तू विकते. 12,000 रुपयांचे शिलाई यंत्र आधी स्वतःच्या नावे विकत घ्यायचे, ताब्यात घ्यायचे, मग नफा उघड सांगून 13,200 रुपयांना विकायचे आणि 1,100 रुपयांचे 12 हप्ते बांधून द्यायचे. हप्ता थकला तरी ठरलेली किंमत एका रुपयाने वाढत नाही, आणि दंड घेतलाच तर तो उत्पन्नात न धरता धर्मादाय खात्यात जमा होतो. खरेदीची पावती विक्रीच्या करारानंतरच्या तारखेची निघाली, तर तो सारा व्यवहार कागदावरचा देखावा ठरतो; म्हणून मी दोन्ही कागद एकाच टाचणीत लावतो, आणि या कामात नव्याने पडणाऱ्यांनीही तसेच करावे.

याच सुमारास शहरातील एका स्पर्धकाने आपल्या सॉफ्टवेअरमधील ‘व्याज’ हा मथळा खोडून तेथे ‘सेवाशुल्क’ छापले. आतले गणित तेच राहिले, महिन्याला शिल्लक रकमेवर दीड टक्का. कर्जावरचे सेवाशुल्क प्रत्यक्ष खर्चापुरतेच असावे, असा आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह (धर्मशास्त्र) अकादमीचा 1986 चा निर्णय आहे. रकमेबरोबर आणि मुदतीबरोबर फुगत जाणाऱ्या शुल्काला दुसरे काय म्हणायचे? हे मी तीन संस्थांच्या संचालकांना समजावून सांगितले आणि तिन्ही संस्था स्पर्धकाकडे गेल्या, कारण तो निम्म्या फीत काम करत होता. मी हेकट आहे असे तो सांगत फिरला, हे मी अजून विसरलेलो नाही.

त्याच काळात जिल्ह्यातील पतसंस्था एकामागून एक अडचणीत आल्या, ठेवीदारांचे मोर्चे निघाले आणि आमची बिले त्यात अडकली. दोन कारकून कमी केले, गोलाणी मार्केटमधील गाळा सोडला आणि घराच्या ओसरीत टेबल मांडले. सरांना हे कळल्यावर त्यांनी वर्षाची फी आगाऊ आणून दिली; मी त्यात सूट देऊ केली, तर आगाऊ पैशांवरची सूट आपल्याला व्याजासारखीच वाटते, असे म्हणून त्यांनी ती नाकारली.

संस्थेचे व्यवहार इस्लामी नियमांना धरून आहेत का ते पाहणाऱ्या शरिया समितीचे प्रश्न त्यानंतर माझ्याकडे येऊ लागले. इस्लामी वित्तसंस्थांसाठी मानके ठरवणाऱ्या बहरीनच्या आयोफी या संस्थेच्या मानकाप्रमाणे अशा मंडळावर किमान 3 सदस्य असावे लागतात, म्हणून सरांनी 3 आलिम, म्हणजे धर्मपंडित, नेमून घेतले. परंतु सहकार कायद्याप्रमाणे अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा आणि कारभार संचालक मंडळाचा असल्याने समितीचे मत संचालक मंडळाच्या ठरावातूनच अमलात येते. तो ठराव इतिवृत्तात नसेल तर समिती नेमूनही उपयोग नाही. निव्वळ नफ्यातील किमान चौथा हिस्सा राखीव निधीत जातो, तो बाहेर गुंतवला की त्यावर व्याज येतेच. हे व्याज आम्ही वेगळ्या खात्यात धरून समितीच्या सल्ल्याने दानाला काढतो आणि लाभांशाच्या हिशेबात येऊ देत नाही.

गेलेल्या तीनपैकी दोन संस्था परत आल्या. फी मी पूर्ण घेतली. स्पर्धकाने आता आमच्याच मुराबहा वहीचा नमुना छापून घेतला आहे. खरेदीच्या पावतीच्या तारखेचा रकाना त्याने शेवटी, विक्रीच्या तारखेनंतर टाकला आहे.