जमीन हादरते, पण दगड वितळत नाही

जगातल्या भूकंपांचा आणि ज्वालामुखींचा नकाशा शेजारी शेजारी ठेवला, तर पहिल्या नजरेला दोन्ही एकच वाटतात. पॅसिफिक महासागराभोवतीचा पट्टा तर हुबेहूब जुळतो. मग डोक्यात एक समीकरण पक्कं बसतं: भूकंप आहे तिथे ज्वालामुखी हवाच, दिसत नसेल तर कुठेतरी खाली दबा धरून बसलेला असणार. आणि हिमालय, कॅलिफोर्नियाचा मोठा भाग, इराणमधला झाग्रोस, जपानमधलं शिकोकू बेट अशी नावं समोर आली की हे समीकरण अडतं. 'इथे ज्वालामुखी का नाही?' असं विचारत बसलं तर उत्तर लांबतं. त्याऐवजी 'इथला दगड वितळावा तरी कशाने?' असं विचारावं.

भूकंपाला दोनच गोष्टी लागतात: साठत जाणारा ताण आणि तो ताण सहन करता करता एकदम मोडणारा खडक. खडक थंड असेल तरच तो असा मोडतो. खंडांच्या कवचातल्या खडकांत क्वार्ट्झ भरपूर असतं आणि ते साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे मोडण्याऐवजी हळूहळू सरकायला लागतं. फेल्डस्पारची ही मर्यादा ४५० अंशांच्या आसपास आहे, तर प्रावरणातल्या, म्हणजे कवचाखालच्या जाड थरातल्या, ऑलिव्हिनची ६०० ते ७०० अंश. खंडांवर खोलीबरोबर तापमान किलोमीटरमागे साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. म्हणून खंडांवरचे बहुतेक भूकंप वरच्या १५-२० किलोमीटरांतच होतात. त्याखाली खडक घनच असतो, पण त्यात ताण साठून राहत नाही.

आता वितळण्याचा आकडा बघा. प्रावरणातला पेरिडोटाइट जमिनीवरच्या दाबाला, कोरडा असताना, ११०० अंशांच्या पुढे वितळू लागतो. म्हणजे तापत जाणारा खडक आधी भूकंपाच्या कामातून बाद होतो आणि पुढे कित्येकशे अंश तापल्यावर कुठे वितळायला सुरुवात करतो. दोन्ही घटनांना लागणारी परिस्थिती अशी जवळजवळ उलटी आहे. त्या एकाच प्रदेशात दिसतात, कारण काही ठिकाणी थंड आणि गरम खडक वर-खाली रचलेले असतात. सगळीकडे तशी रचना नसते.

इथे आणखी एक जुना गैरसमज आडवा येतो. कवचाखाली लाव्ह्याचा समुद्र आहे आणि भूकंपाने भेग पडली की तो वर येईल, अशी कल्पना अनेकांच्या मनात असते. प्रत्यक्षात सुमारे २९०० किलोमीटर खोलीपर्यंतचं प्रावरण घन आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत, पण प्रावरणातून त्या आरामात जातात. द्रव आहे तो त्याखालचा बाह्य गाभा. तो मुख्यतः लोखंडाचा आहे आणि ज्वालामुखीतून बाहेर येणाऱ्या शिलारसाशी त्याचा संबंध नाही. शिलारस हा साठवून ठेवलेला माल नसतो. तो जागेवर, नव्याने तयार व्हावा लागतो.

तो तयार होण्याचे मुख्य मार्ग तीन. पहिला, दाब कमी होणं. कुकरमध्ये दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपास जाऊनही उकळत नाही, पण दाब सोडला की लगेच उकळतं. १३५० अंशांचा घन खडक वर येताना दाब घटला की त्याचंही तसंच होतं, थोडा भाग वितळतो. मध्यसागरी पर्वतरांगांखाली, जिथे दोन भूपट्ट (पृथ्वीच्या वरच्या थराचे प्रचंड सरकते तुकडे) एकमेकांपासून दूर जातात, तिथे हेच चालतं. दुसरा मार्ग पाण्याचा. बर्फावर मीठ टाकलं की बर्फ शून्याखालीही वितळतो, तसं गरम खडकात पाणी मिसळलं की त्याचा वितळणबिंदू उतरतो. १०० किलोमीटर खोलीवर कोरड्या पेरिडोटाइटला १४५० अंशांच्या आसपास तापमान लागतं, पाण्याने भिजलेल्याला सुमारे १००० पुरतं. महासागराचा भिजलेला तळ दुसऱ्या पट्टाखाली शिरतो तिथे हे पाणी खोल पोचतं. तिसरा मार्ग म्हणजे खालून जादा उष्णता येणं. हवाईसारख्या तप्तबिंदूंखाली खोलवरून नेहमीपेक्षा गरम खडक वर येतो आणि वर येताना त्याचा दाबही घटतो. यांपैकी एकही मार्ग खुला नसेल, तर कितीही मोठा भूकंप झाला तरी शिलारस तयार होत नाही.

सगळ्यात सोपं उदाहरण घसटत जाणाऱ्या सीमांचं. कॅलिफोर्नियातला सॅन अँड्रियास हा सुमारे १२०० किलोमीटर लांबीचा प्रस्तरभंग आहे, म्हणजे जिच्यावरून खडक सरकतात अशी भेग. त्याच्या दोन बाजूंचे भूपट्ट एकमेकांना घासून आडवे सरकतात. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ७.९ तीव्रतेच्या भूकंपात काही ठिकाणी जमीन ६ मीटरच्या आसपास सरकली. पण या हालचालीत कुठलाही पट्ट खाली जात नाही, म्हणजे पाणी खोल पोचत नाही. दोन पट्ट दूरही जात नाहीत, म्हणजे खालचा खडक वर येत नाही. अपवाद आहे, आणि तो नेमका नियमाप्रमाणेच आहे: दक्षिण टोकाला सॉल्टन सरोवरापाशी प्रस्तरभंग एका रेषेवरून बाजूच्या रेषेवर उडी घेतो, मधली जमीन ताणली जाऊन पातळ होते, आणि तिथे गेल्या काही हजार वर्षांतले छोटे ज्वालामुखी आहेत.

घर्षणाने दगड वितळत नाही का? वितळतो. मोठ्या भूकंपात प्रस्तरभंगाच्या पृष्ठावर एवढी उष्णता क्षणात निर्माण होते की खडकाचा पातळ थर वितळतो. त्याचे गोठलेले काळे, काचेसारखे पट्टे जुन्या प्रस्तरभंगांत सापडतात, त्यांना स्यूडोटॅकीलाइट म्हणतात. पण त्यांची जाडी बहुधा मिलिमीटर-सेंटिमीटरांत मोजायची, आणि आजूबाजूच्या थंड खडकात ते बघता बघता गोठतात. एवढ्या चिमूटभर रसाने ज्वालामुखी पोसला जात नाही.

हिमालयाचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, कारण तिथे एक पट्ट दुसऱ्याखाली खरोखरच जातो आहे. भारत आणि युरेशिया यांची टक्कर सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली. आजही हिमालयाच्या ओळीवर वर्षाला साधारण २ सेंटिमीटर आकुंचन साठतं. शंभर वर्षांत २ मीटर. ते एकदम सुटलं की १९३४ चा बिहार-नेपाळ, १९५० चा आसाम (८.६ तीव्रता) किंवा २०१५ चा गोरखा (७.८) असे भूकंप होतात. मग वितळण्याचं गणित का जमत नाही?

एक तर जे खाली जातं आहे ते खंडाचं कवच आहे. त्याची घनता घनसेंटिमीटरला सुमारे २.७ ग्रॅम, प्रावरणाची ३.३. लाकूड पाण्यात बुडवायचा प्रयत्न केल्यासारखं ते बुडायला नाखूश असतं आणि अगदी कमी कोनात, जवळजवळ आडवं, तिबेटखाली सरकतं. दुसरं, महासागराच्या तळाचं कवच पाण्याने भिजलेलं असतं, त्यातली खनिजं पाणी बांधून नेतात. खंडाच्या जुन्या, कोरड्या खडकांत तेवढं पाणीच नाही. तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं: पाणी निघालं तरी ते मिसळायला वर गरम प्रावरणाची पाचर हवी. हिमालयाखाली कवचावर कवच चढलेलं आहे. तिबेटखाली कवचाची जाडी ७० किलोमीटरपर्यंत पोचते, नेहमीच्या जवळपास दुप्पट. पाचरेला जागाच उरलेली नाही.

तरीही तिथे काहीच वितळलं नाही असं समजू नये. टक्करीआधी मध्ये टेथिस महासागर होता, त्याचा तळ आशियाखाली जात होता, आणि तेव्हा तिथे ज्वालामुखींची रांग होती. लडाखमधला ग्रॅनाइट त्या रांगेचं गोठलेलं मूळ आहे. टक्करीनंतर जाड झालेलं कवच स्वतःच्या किरणोत्सारी उष्णतेने तापून अंशतः वितळलं, आणि सुमारे २ कोटी वर्षांपूर्वीचे फिकट ग्रॅनाइट तयार झाले. मनास्लू शिखराचा खडक हाच. हा रस सिलिकाने भरलेला, अतिशय चिकट असल्याने पृष्ठभागापर्यंत न येता वाटेतच थिजला. आज तो डोंगर झिजल्यामुळे उघडा पडला आहे.

जाणकारांनाही चकवणारा प्रकार मात्र तिसराच. पेरूच्या किनाऱ्यालगत महासागराचा भिजलेला तळ खंडाखाली जातो, पाठ्यपुस्तकात दाखवतात तसाच. १९७० च्या भूकंपात हुआस्करान शिखरावरून सुटलेल्या हिमदरडीने युंगाय शहर गाडलं गेलं. तरी पेरूच्या उत्तर आणि मध्य भागात जागृत ज्वालामुखी नाहीत, दक्षिण पेरूत मात्र आहेत. ज्वालामुखींच्या रांगेतली अशीच रिकामी जागा मध्य चिली-अर्जेंटिनात, साधारण २८ ते ३३ अंश दक्षिण अक्षांशांदरम्यान, पुन्हा दिसते. या दोन्ही ठिकाणी खाली जाणारा पट्ट सुमारे १०० किलोमीटर खोलीवर पोचल्यावर वाकून आडवा होतो आणि शेकडो किलोमीटर वरच्या पट्टाच्या तळाला जवळजवळ चिकटून जातो. मधली गरम पाचर पिळून निघून जाते. पाणी आहे, पण ज्याला वितळवायचं तो गरम खडक नाही.

हे कोनाच्या हिशेबाने चटकन पडताळता येतं. ज्वालामुखींची रांग बहुधा खालचा पट्ट १०० किलोमीटरच्या आसपास खोल असतो त्याच्या वर उभी राहते. पट्ट सरळ रेषेत ४५ अंशांनी उतरत असेल तर ही खोली सागरी गर्तेपासून (पट्ट जिथे खाली शिरतो त्या समुद्रतळावरच्या खोल घळीपासून) १०० किलोमीटरवर मिळेल, ३० अंशांनी असेल तर सुमारे १७३, आणि १० अंशांनी असेल तर ५६७ किलोमीटरवर. प्रत्यक्षात पट्ट गर्तेजवळ सपाट आणि पुढे तीव्र होत जातो, त्यामुळे हे आकडे कच्चे धरावेत. शिकोकूची गोष्ट यातच येते. नानकाई गर्तेतून जाणारा फिलिपिन समुद्राचा पट्ट तरुण असून बेटाखाली फार कमी कोनात शिरतो. जपानमध्ये शंभरावर जागृत ज्वालामुखी असूनही शिकोकूवर एकही नाही, आणि १९४६ चा नानकाई भूकंप मात्र तिथेच बसला.

उरले पट्टांच्या पोटातले, सीमांपासून दूरचे भूकंप. तिथे जुना, निकामी वाटणारा प्रस्तरभंग दूरवरून आलेल्या ताणाने पुन्हा सरकतो. अमेरिकेतलं न्यू माद्रिद १८११-१२, किल्लारी १९९३ (६.२), भूज २००१ (७.७). कोयनेला १९६७ साली ६.३ चा भूकंप झाला तो धरणातल्या पाण्याने चाळवलेला मानतात. अशा जुन्या, थंड भूभागात ४० किलोमीटरवर, कवचाच्या तळाशीही, तापमान जेमतेम ४००-५०० अंश असतं. पायाखालचा काळा दगड लाव्ह्याचाच आहे म्हणून लोकांना शंका येते, ती रास्त आहे. पण दख्खनचा तो लाव्हा ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. तो ओतणारा तप्तबिंदू मागे राहिला आणि पट्ट उत्तरेला सरकला. तोच तप्तबिंदू आज हिंदी महासागरात रियुनियन बेटावर धगधगतो आहे. कोयनेत बोअर घेतल्यावर साधारण सव्वा किलोमीटर बेसाल्टखाली थेट जुना ग्रॅनाइट-नाइस लागला.

गरम पाण्याच्या झऱ्यांनीही असंच फसायला होतं. पावसाचं पाणी भेगांतून २-३ किलोमीटर खाली गेलं तर किलोमीटरमागे २५-३० अंशांच्या हिशेबाने ते सहज तापतं. प्रस्तरभंगाने वर यायला वाट दिली की झालं उन्हाळं. मणिकरणच्या पाण्याला खाली ज्वालामुखी असण्याची गरज नाही.

एखाद्या प्रदेशाबद्दल स्वतः तपासायचं असेल, तर अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची भूकंपसूची आणि स्मिथसोनियन संस्थेची ज्वालामुखीसूची दोन्ही मोफत पाहता येतात. दुसरीत साधारण गेल्या १२००० वर्षांतल्या उद्रेकांना धरून यादी केलेली आहे, त्यामुळे 'जागृत' हा शब्द कुठल्या अर्थाने वापरला आहे ते आधी बघावं. भूकंपांची खोली बघताना एक खड्डा टाळा: नेमकी १० किंवा ३३ किलोमीटर अशी खोली वारंवार दिसली, तर ती बहुधा मोजलेली नसते, माहिती अपुरी असल्याने गृहीत धरलेली असते. असे आकडे वगळून उरलेले गर्तेपासूनच्या अंतरानुसार मांडा. खोली अंतरासोबत १००, २००, ३०० अशी वाढत गेली तर पट्ट खाली उतरतो आहे. १०० च्या आसपास येऊन रेघ आडवी झाली तर तो सपाट पट्टाचा भाग. सगळे भूकंप २० किलोमीटरच्या आतच असतील तर वितळण्याची वाट पाहू नका, ताणली जाणारी जमीन किंवा तप्तबिंदू जवळ नाही ना एवढं तपासा. खोल भूकंप दिसले म्हणूनही ज्वालामुखी असेलच असं नाही. हिंदुकुशात २०१५ साली ७.५ चा भूकंप २०० किलोमीटरहून खोल झाला, पण तिथे जागृत ज्वालामुखी नाही: जुन्या पट्टाचा एक तुकडा प्रावरणात लोंबकळतो आहे, एवढंच.

आणि हे नकाशे कायमचे नाहीत. कॅलिफोर्नियात सॅन अँड्रियासच्या पूर्वेला सिएरा नेवाडाचा ग्रॅनाइट आहे, तो जुन्या ज्वालामुखी रांगेचं मूळ. तेव्हा तिथे महासागराचा तळ खाली जात होता. सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी तो पुरवठा संपत गेला आणि आडवी घसट सुरू झाली. ती घसट जिथे संपते आणि खाली जाणारा पट्ट सुरू होतो ते मेंडोसिनोचं टोक आजही वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर उत्तरेला सरकतं आहे, दहा लाख वर्षांत ५० किलोमीटर. त्याच्या पूर्वेला, कॅस्केड या ज्वालामुखी रांगेच्या दक्षिण टोकाशी, १९१४ ते १९१७ दरम्यान उद्रेक झालेला लासेन आहे. टोक पुरेसं वर सरकलं की लासेनखालून पट्ट निघून जाईल, पाणी बंद होईल, आणि तिथे भूकंप तेवढे राहतील.