आंबेनळी ते कुंभार्ली: बुलेटवाले, स्प्लेंडरवाले आणि घाटातला अनुभव

मार्ग: पुणे – खंबाटकी – सुरूर फाटा – वाई – पसरणी घाट – पाचगणी – महाबळेश्वर – आंबेनळी घाट – पोलादपूर – कशेडी – खेड – चिपळूण (मुक्काम) – कुंभार्ली घाट – कोयनानगर – पाटण – उंब्रज – सातारा – पुणे. अंतर साधारण ४७० ते ४८० किलोमीटर. महिना डिसेंबर. गाड्या: रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०, उजव्या पायात गिअर असलेली जुनी बुलेट, पल्सर १५०, स्प्लेंडर, आरएक्स १०० आणि एक ॲक्टिव्हा.

अशा मिश्र गटात वाद पेटायला कात्रजचा चहासुद्धा लागत नाही. "तुझ्या स्प्लेंडरला पसरणीत आम्ही ढकलायचं का?" असं बुलेटवाला विचारतो, आणि "तुझे पडलेले नटबोल्ट वेचत मागून येतो, काळजी करू नकोस" असं उत्तर तयारच असतं. आरएक्सवाला दोघांनाही मोजत नाही. ॲक्टिव्हावाल्याला तर गाडी चालवणारा म्हणून धरायलाच कुणी तयार नसतं. मग मीटरवरचे आकडे निघतात: पन्नास हजार, ऐंशी हजार, लाख. हा मार्ग या वादासाठी अगदी योग्य आहे, कारण इथला प्रत्येक टप्पा वेगळ्याच प्रकारचा अनुभव मागतो. हायवेवरचे लाख किलोमीटर आंबेनळीत फारसे उपयोगी पडत नाहीत.

निघण्याआधी रांग ठरवा. बहुतेक गटांचं इथेच चुकतं: ज्याचा अनुभव सर्वांत जास्त तो हौसेने पुढे लागतो, आणि अर्ध्या तासात मागच्या दोन गाड्या दिसेनाशा होतात. सर्वांत जाणता माणूस शेवटी हवा. हत्यारं, पंक्चरचं किट आणि प्रथमोपचाराची पेटी त्याच्याकडेच असते. सगळ्यांचे ब्रेकलाइट त्याला दिसतात. कोण वळणात बाहेर फेकला जातोय, कोणाचा ब्रेकलाइट सतत पेटलेला आहे, कोणाची बॅग सैल होऊन चाकाकडे झुकली आहे, हे फक्त त्यालाच कळतं. पुढे रस्ता माहीत असलेला, शांत डोक्याचा चालक ठेवा. त्याच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर चढताना सर्वांत कमी ताकदीची गाडी आणि उतरताना स्कूटर. फाट्यावर एकच नियम: मागचा आरशात दिसेपर्यंत फाटा सोडायचा नाही. सुरूर फाटा, पोलादपूरला महामार्गाला लागण्याची जागा आणि चिपळूणला कराडकडे वळण्याची जागा, या तीन ठिकाणी हा नियम पाळला तर फोनाफोनी करावी लागत नाही.

पुण्याहून सुरूरपर्यंत सहापदरी रस्ता आहे, त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. टोलनाक्यांवर दुचाकीला टोल नाही, डाव्या कडेची मोकळी पट्टी धरा. खंबाटकीत साताऱ्याकडे जाताना घाट चढावा लागतो, जुना बोगदा परतीच्या वाहतुकीसाठी आहे. नव्या बोगद्यांच्या कामामुळे वाहतूक वळवलेली असू शकते, म्हणून फलक पाहूनच लेन धरा.

पसरणी घाटात पहिली परीक्षा होते आणि इथे बुलेटवाला खूश असतो. क्लासिक ३५० मध्ये २७ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, आहे, तिसऱ्यात टाकून ती गुरगुरत वर जाते. स्प्लेंडरचं इंजिन ९७.२ सीसीचं, ताकद जेमतेम आठ बीएचपी. मागे माणूस आणि सामान असेल तर तिला दुसऱ्या गिअरवर यावंच लागतं, आणि यू वळणात पहिलाही टाकावा लागतो. त्यात कमीपणा काही नाही. कमीपणा आहे तो तिसऱ्यात रडत रडत, अर्धा क्लच दाबून वळण काढण्यात. क्लचप्लेट अशाने जळतात: आधी करपल्यासारखा वास येतो, मग रेस वाढते पण गाडी ओढत नाही. वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच गिअर खाली टाका, क्लच पूर्ण सोडा, मग वळा. चढ असो वा उतार, गिअर वळणाच्या आधीच बदलायचा.

"एकदा माझी चालवून बघ, मग बोल" हे वाक्य पाचगणीच्या आसपास हमखास येतं. गाड्यांची अदलाबदल सपाट, मोकळ्या रस्त्यावरच करा, घाटात अजिबात नको. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात असतो. पहिला वर, बाकीचे खाली. डाव्या पायाने गिअर टाकण्याची सवय असलेला माणूस शांतपणे चालवताना ते लक्षात ठेवतो, पण समोर अचानक म्हैस आली की त्याचा उजवा पाय ब्रेक समजून गिअर दाबतो. घाबरल्यावर शरीर सवयीप्रमाणे वागतं, तिथे हुशारीचा काही संबंध नाही. उलट जुन्या बुलेटवाल्याने पल्सर घेतली तरी धोका तोच.

महाबळेश्वरात टाकी भरा. पुढे पोलादपूरपर्यंत सुमारे ४० किलोमीटर घाट आहे आणि साधारण १,३०० मीटर खाली उतरायचं आहे. काही जण इथे पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडतात. एवढं करू नका. इंजिनाची ओढ गेली की सगळा भार ब्रेकवर येतो, आणि गरज पडली तर पटकन गिअरही घालता येत नाही.

आंबेनळीत पसरणीचा हिशेब उलटा होतो. चढावर जिची बढाई चालू होती ती क्लासिक १९५ किलोची आहे, स्प्लेंडर ११२ किलोची. उतारावर जास्त वजनाला जास्त आवरावं लागतं. ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा: बहुतेक ठिकाणी तिसरा, यू वळणांवर दुसरा. वेग २५ ते ३५. ब्रेक सतत घासत ठेवू नका. थोडा वेळ दोन्ही ब्रेक ठामपणे दाबा, वेग उतरवा, सोडा, पुन्हा इंजिनावर येऊ द्या. या सोडण्याच्या वेळातच ब्रेक थंड होतो.

डिस्क ब्रेकवाल्यांना वाटतं आपल्याला हे लागू नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ प्रकारच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषलेल्या तेलाचा मानकानुसार किमान १५५. लांब उतारावर कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) तापला, जुनं तेल उकळलं आणि नळीत वाफ झाली की लिव्हर स्पंजासारखा हँडलपर्यंत येतो आणि गाडी थांबत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदला आणि निघण्यापूर्वी पॅडची जाडी पाहा. ड्रम ब्रेकमध्ये लिव्हर घट्टच लागतो पण पकड कमी होत जाते. असं जाणवलं की बाजूला घ्या, १५-२० मिनिटं थांबा. तापलेल्या ड्रमवर किंवा डिस्कवर पाणी ओतू नका, धातू वाकडा होतो किंवा तडकतो.

आता ॲक्टिव्हा. "गिअर टाकता येत नाही म्हणून स्कूटर घेतली" हा टोमणा मारणाऱ्यांनी आंबेनळी एकदा स्कूटरवर उतरून पाहावी. सगळ्या गटात इथे सर्वांत जास्त कौशल्य तिलाच लागतं. तिचा क्लच इंजिनाच्या वेगावर आपोआप लागतो-सुटतो. वेग फार कमी झाला की क्लच सुटतो आणि गाडी न्यूट्रलवर असल्यासारखी धावायला लागते. उपाय असा: वेग १५-२० च्या खाली जाऊ द्यायचा नाही, आणि गाडी मोकळी सुटली असं वाटलं तर क्षणभर हलकी रेस देऊन क्लच पकडून घ्यायचा, मग रेस सोडायची. डाव्या लिव्हरने दोन्ही चाकांना ब्रेक लागतो, पण उतारावर उजवा लिव्हरही सोबत वापरा. दर दहा-पंधरा मिनिटांनी थांबा. प्रतापगडाच्या फाट्यावर एक थांबा सहज होतो. तिथे माकडं सीटवरची पिशवी उचलतात, खाण्याचं सामान डिकीतच ठेवा.

आरएक्ससारख्या टू-स्ट्रोक गाड्यांचा प्रश्न वेगळा. त्यांच्या इंजिनाला वंगण पेट्रोलबरोबरच जातं. जुन्या जावा-येझदीत तेल थेट टाकीतच मिसळलेलं, आरएक्समध्ये वेगळा पंप, आणि तो रेसप्रमाणे तेल कमी-जास्त करतो. रेस पूर्ण बंद ठेवून पाच-सात मिनिटं उतरलात तर इंजिन फिरत राहतं पण तेल अगदी थोडं पोचतं, आणि पिस्टन जाम होऊ शकतो. मधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्या. शिवाय टू-स्ट्रोकला इंजिनाची ओढ मुळात कमी, त्यामुळे ब्रेकशू नवे हवेत.

डिसेंबरात इथे पाऊस नसतो, पण सकाळी सावलीतल्या वळणांवर दव आणि ओला पाला असतो. दहाच्या आधी उतरणार असाल तर उजेडातून सावलीत शिरताना वेग आधीच कमी करा. एबीएस असलेले इथे जास्त बिनधास्त असतात. एबीएसमुळे चाक अडत नाही आणि हँडल हातात राहतं, हे खरं. पण खडी-मातीवर गाडी थांबायचं अंतर त्याने कमी होत नाही, उलट वाढू शकतं. पावसाळ्यात हा घाट टाळा. जुलै २०२१ मध्ये दरडी कोसळून तो बंद पडला होता. पावसात जायचंच झालं तर आदल्या दिवशी रस्ता चालू असल्याची खात्री करून घ्या.

पोलादपूर ते चिपळूण साधारण ७०-७५ किलोमीटर. कशेडीला बोगदा झाल्यापासून वेळ वाचतो. काँक्रीटवरच्या उभ्या खाचांमुळे बारीक टायरची गाडी डोलल्यासारखी वाटते. हँडल आवळून धरू नका, ढिलं ठेवा, ती आपोआप सरळ राहते. लोटे, परशुराम घाट, चिपळूण: रात्र व्हायच्या आत पोचा.

दुसऱ्या दिवशी चिपळूणलाच टाकी भरून पोफळीकडून कुंभार्ली चढायला लागा. हा घाट रुंद आहे, पण कराडकडे जाणारे कंटेनर आणि ट्रक भरपूर. इथे अनुभव म्हणजे थांबता येणं. लांब ट्रेलर यू वळणात पूर्ण रस्ता घेतो आणि त्याची मागची चाकं आतल्या बाजूला सरकतात. त्या आतल्या फटीत घुसणारा चिरडला जातो. तो वळण पूर्ण करेपर्यंत मागे, त्याच्या आरशात दिसाल असे थांबा. ट्रकने दिलेला उजवा इंडिकेटर "ओव्हरटेक करू नको" असाही असतो आणि "मी वळतोय" असाही. त्यामुळे पुढचा रस्ता स्वतः दिसल्याशिवाय निघू नका. वळणांवर सांडलेलं डिझेल शोधत चला. ते इंद्रधनुषी चमकतं आणि बहुधा वळणाच्या बाहेरच्या बाजूला असतं. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा कायद्यातला नियम आहे आणि एसटीचे चालक तो काटेकोर पाळतात. गटातल्या कुणाला घाटातली ओळ, म्हणजे वळणात गाडी रस्त्याच्या कुठल्या भागातून न्यायची ते, शिकायची असेल तर त्याने दहा मिनिटं एसटीच्या मागे राहावं: कुठे हॉर्न देते, कुठे गिअर पाडते, वळणाआधी किती बाहेर जाते. फोडलेल्या सायलेन्सरवाल्यांना मात्र समोरचा हॉर्न ऐकूच येत नाही. दंड होतो तो वेगळाच.

कोयनानगर ते उंब्रज हा भाग निवांत, पण ऊस हंगामाचा. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. अंधार पडायच्या आत उंब्रज गाठा. "रात्रीचं आपण जास्त चालवलंय" या बढाईला इथे जागा नाही: डिपरच्या उजेडात ट्रॉली दिसते तेव्हा ४०-५० मीटर उरलेले असतात, आणि ८० च्या वेगाने तेवढं अंतर पावणेदोन-सव्वादोन सेकंदांत संपतं.

सोबत घ्यायच्या वस्तू: क्लच आणि रेसची जादा केबल, चेनचं लॉक, प्लग आणि प्लगपाना, फ्यूज, इन्सुलेशन टेप, तार, ट्यूबलेसचं पंक्चर किट आणि छोटा पंप. स्पोकच्या चाकांना बहुधा ट्यूब असते, त्यांच्यासाठी जादा ट्यूब, टायर लिव्हर आणि मागच्या एक्सलचा पाना. टायरचा दाब गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे, मागे माणूस असेल तर मागच्या चाकाला सांगितलेला वाढीव दाब. चेनचं ढिलेपण मॅन्युअलप्रमाणे, साधारण २० ते ३० मिलिमीटर, आणि मोजताना चाक फिरवून सर्वांत घट्ट जागी मोजा.

परतीला खंबाटकीचा जुना बोगदा लागला तर वेग आतच कमी करा. बाहेर पडताच उतार आणि उलटसुलट वळण आहे, आणि डोळे अजून उजेडाला सरावलेले नसतात. पुण्यात पोचल्यावर चेन गरम असतानाच तेल द्या, ते आत शिरतं. दुसऱ्या दिवशी बुलेटवाल्यांनी सायलेन्सरचे, फूटरेस्टचे आणि नंबरप्लेटचे बोल्ट आवळून पाहावेत, स्प्लेंडर आणि ॲक्टिव्हावाल्यांनी ब्रेकशूची झीज दाखवणारी खूण पाहावी, आणि स्पोकची चाकं असलेल्यांनी प्रत्येक तार पान्याने हलकी वाजवून पाहावी. जिचा आवाज बद्द येतो ती सैल झालेली असते.