तुम्ही विचारलंत म्हणून: काकाजींची दुनळी

पाहुणे जेवतात, हात धुतात, सुपारीचं खांड तोंडात टाकतात आणि विचारतात, "तुमच्याकडे बंदूक आहे म्हणे. वडिलांची का?" त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न ठरलेला: "मग किती डुकरं लोळवली?"

वडिलांची नाही. आमच्या घरात हत्यार म्हणजे कुऱ्हाड आणि विळा. बंदूक काकाजींची. माझ्या वावराच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, धुरा लागून त्यांचं वावर, यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूला. टिपेश्वरचं जंगल फार लांब नाही. मी पस्तिशीचा आणि ते सत्तरी ओलांडलेले, तरी जागलीला, रात्रीच्या पीकराखणीला, बसलो की वयाचा हिशोब राहत नसे. इच्छापूरच्या सरकारी कारखान्यातली 12 बोअरची दुनळी होती त्यांची. दस्त्यावर गाल टेकून टेकून पॉलिश उडालेलं. 12 बोअर म्हणजे काय, हे त्यांनी मला किराण्याच्या तराजूवर समजावलं होतं. नळीत चपखल बसतील अशा शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड, म्हणजे एक गोळी साधारण 38 ग्रॅमची. माणूस शाळेत चौथीपुढे गेला नव्हता.

पहिल्याच रात्री त्यांनी अट घातली. "काडतुसं माह्या खिशात, बंदूक तुह्या हातात. दोघंबी शायने राहू." दोन हंगाम मी रिकामी बंदूक खांद्यावर टाकून तुरीच्या ओळींतून फिरलो. धुरा ओलांडताना नळी मोडलेली, म्हणजे बिजागरीवर खाली उघडलेली हवी. माणसाकडे, बैलाकडे, अगदी बुजगावण्याकडेही नळीचं तोंड जाता कामा नये. अंधारात काही खसफसलं तर आधी टॉर्च, मग हाळी. रोही, म्हणजे नीलगाई, आले की आम्ही डबे वाजवायचो, डुकरं आली की फटाके फोडायचो. मला वाटायचं, काकाजी काडतूस काढून देतील तो खरा क्षण. तो हात कोटाच्या खिशाकडे कधी गेलाच नाही. उडवायला मिळाली ती एकदाच, दिवसाउजेडी, नाल्याच्या काठाला, घरच्या डब्यातलं नवं काडतूस घालून. खांदा तीन दिवस दुखला.

2018 साली इकडे टी-वन, म्हणजे अवनी, या वाघिणीची दहशत होती. लोक येऊन म्हणायचे, काकाजी, काढा आता बंदूक. ते म्हणायचे, "बारा बोअरचे छर्रे वाघाले चिडवाले पुरतात लेकहो, माराले नाही." आणि संध्याकाळी पाचलाच घरी. भित्रा म्हणणारे म्हणाले.

2021 च्या थंडीत ते गेले. वहीच्या पानावर लिहून ठेवलं होतं, बंदूक धुऱ्यावरच्याला द्यावी. पण बंदूक म्हणजे काही बैलजोडी नव्हे. परवानाधारक गेला की हत्यार पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. वारसाला अर्ज करता येतो, आणि धुऱ्यावरचा दोस्त कोणत्याच नियमात वारस होत नाही. म्हणजे आधी मला माझ्या नावाचा परवाना काढायचा होता, मग त्यांच्या पोरानं बंदूक माझ्या नावे करून द्यायची. पोरगा पुण्यात. त्यानं ना-हरकत लिहून दिली, वर म्हणाला, "बाबा तुमच्याशीच जास्त बोलत." यावर काय बोलावं मला सुचलं नाही.

परवान्याच्या खिडकीवर एकानं सुचवलं, "पीकच राखायचं ना? मग ठासणीची घ्या." चुकीचं बोलला नव्हता. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी आधी ठासणीचीच बंदूक सांगितली आहे. ती पुरणार नाही हे पटलं तरच दुसरी गुळगुळीत नळीची देता येते. मी सातबारा आणि नुकसानीचे पंचनामे पुढे केले आणि सांगितलं, तोंडातून दारू, चिंधी, छर्रे ठासेपर्यंत डुकरांचा कळप माझा हरभरा उकरून पुढच्या वावरात पोचलेला असतो. चौकश्या, दाखले, पुन्हा चौकश्या. दोन वर्षं गेली.

मिळाल्यावर तरी कुठे घरी राहते! 2024 मध्ये लोकसभेच्या निवडणुकीला ठाण्यात जमा, विधानसभेला पुन्हा जमा. ऑक्टोबरात आचारसंहिता लागली तेव्हा हरभऱ्याची पेरणी तोंडावर होती. तो उगवून वर येईपर्यंत बंदूक ठाण्यात, मी मचाणावर, आणि कुंपणाच्या तारेत झटका सोडणाऱ्या मशीनची बॅटरी उतरलेली. डबेच वाजवले.

राहिला दुसरा प्रश्न. एकही नाही. रानडुक्कर असो की रोही, मारायला वन खात्याची परवानगी लागते, हे तर आहेच.

पण आणखी एक आहे. काकाजींच्या पोरानं बंदुकीसोबत त्यांचा जागलीचा कोटही ठाण्यात आणला होता, कारण खिशात काडतुसं होती. दोन. कागदी खोळाची, जुनी. हवालदारानं उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "हे तं फुगले आहेत. नळीत जाणारच नाहीत." कागदी काडतूस ओल धरतं, पावसाळ्यात फुगतं. ही दोन किती पावसाळे खाऊन बसली होती कोण जाणे. त्या दोन हंगामांतल्या सगळ्या रात्री माझ्या डोळ्यांपुढून गेल्या. काकाजींना ठाऊक होतं का? कोटाला दुसरा खिसा होता. तोही तपासला, त्यात अडकित्ता होता.

रजिस्टरमध्ये नोंद झाली: काडतुसं 2, निकामी.

माझी काडतुसं प्लॅस्टिकच्या खोळाची आहेत. ती फुगत नाहीत. म्हणून जागलीला जाताना मी ती घरी कुलपात ठेवून जातो.