रत्नागिरीच्या मॉडेल रेल्वे मेळाव्याला जाताय? एक मॉड्यूल घेऊन जा

मॉडेल रेल्वेच्या मेळाव्यात नुसतं बघत फिरणं वेगळं आणि स्वतःचं मॉड्यूल, म्हणजे इतरांच्या तुकड्यांना जोडता येणारा रूळ आणि देखाव्याचा आपला तुकडा, मांडून बसणं वेगळं. हिवाळ्यात रत्नागिरीत एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये हौशी मंडळी जमली होती. तिथून आल्यापासून भेटेल त्याला मी एकच सांगतोय: लहान का होईना, पण आपलं काम घेऊन जा.

बहुतेक मांडणी टी-ट्रॅक पद्धतीची होती. एन स्केल, म्हणजे १:१६० (खऱ्याच्या एकशेसाठाव्या हिश्शाएवढं), रुळांमधलं अंतर ९ मिलिमीटर. सर्वात लहान मॉड्यूल जेमतेम ३०८ मिलिमीटर रुंद. मॉड्यूलं टेबलावर ओळीने ठेवायची, रूळ एकमेकांत सरकवायचे, की पुण्याच्या माणसाच्या बोगद्यातून निघालेली गाडी कुडाळकरांच्या भातखाचरातून धावू लागते. आपल्या तुकड्यावरून परक्याची गाडी न अडखळता गेली की काय वाटतं, ते तिथेच कळतं. बनवायला घेण्याआधी आयोजकांना एक गोष्ट जरूर विचारा: दोन रुळमार्गांमधलं अंतर २५ मिलिमीटर ठेवायचं की ३३? दोन्ही चालतात, पण एकमेकांना जुळत नाहीत. चारही कोपऱ्यांना उंची कमीजास्त करणारे बोल्ट हवेतच. हॉलमधली टेबलं कधीच एका पातळीत नसतात.

टी-ट्रॅकला दोन मार्ग लागतात, आणि कोकण रेल्वे तर रोहा ते वीर हा टप्पा सोडला तर एकेरी. यावर एकाने काढलेला तोडगा मला फार आवडला. त्याने आपल्या मॉड्यूलवर सरळ स्टेशनच केलं होतं. एक मेन लाइन, दुसरी लूप, म्हणजे गाडी बाजूला थांबवायचा मार्ग. लूपवर मालगाडी उभी आणि शेजारून एक्सप्रेस सुसाट. क्रॉसिंगसाठी खोळंबलेल्या प्रत्येक कोकणवासीयाने ते दृश्य क्षणात ओळखलं.

मापांचा मोह मात्र आवरायला हवा. कोकण रेल्वेचं तीव्रातलं तीव्र वळणसुद्धा १२५० मीटर त्रिज्येचं आहे. एन स्केलमध्ये ते ७.८ मीटर भरतं. साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा ४० मीटरच्या पुढे जातो. बावीस एलएचबी (म्हणजे सध्याच्या नव्या बनावटीच्या) डब्यांची गाडी इंजिन न धरताही ३.३ मीटर होते, म्हणून आठ डबे पुरे. पानवल नदीचा ६४ मीटर उंच पूल तेवढा ४० सेंटिमीटरमध्ये बसतो. तो खुशाल मापात करावा, कारण त्याची शान उंचीतच आहे. काळही आधी ठरवून टाका. विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. डिझेल इंजिनांचा जुना काळ दाखवायचा असेल तर खांब आणि तारा नकोत.

सगळ्यात जास्त शिकवलं ते नातवाला घेऊन आलेल्या एका निवृत्त ट्रॅकमन काकांनी. एका सुरेख कटिंगपुढे, म्हणजे रुळांसाठी डोंगर कापून केलेल्या वाटेपुढे, ते बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "अहो, वरच्या अंगाला गटार कुठंय? पहिल्याच पावसात सगळी माती रुळावर येईल." मग खुर्ची घेऊन बसले. डोंगराचं पाणी कटिंगच्या डोक्यावरच कसं अडवून बाजूला काढतात, दरडीवर जाळी कुठे लावतात, पावसात रात्रीची गस्त कशी घालतात, हे त्यांनी तासभर सांगितलं. कटिंगचा मालक वहीत उतरवून घेत होता. अशी माणसं कोकणात गावोगावी आहेत. आयोजकांना विनंती, त्यांना आवर्जून बोलवा.

आता सामानाचं. जांभ्याचा रंग हुबेहूब यावा म्हणून बरेच जण सड्यावरचीच माती वापरतात. छान दिसते, पण जांभ्यात लोह असतं. माती चाळल्यावर तिच्यावरून लोहचुंबक फिरवा, नाहीतर बारीक कण इंजिनाच्या मोटरला चिकटतात. प्लायवूडला दोन्ही अंगांनी रंग किंवा सीलर द्या. एकच बाजू बंद केली तर दमट हवेत फळी वाकते. खाऱ्या हवेने रूळ लवकर काळवंडतात. ते आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसावेत. सँडपेपर लावू नका, ओरखड्यांत मळ आणखी साचतो. अल्कोहोल ज्वलनशील असल्याने गाडीतून न नेता रत्नागिरीत औषधाच्या दुकानातून घ्या. गाडीचा वेग कमीजास्त करणारा कंट्रोलर परदेशातून मागवला असेल तर त्याच्या अडॅप्टरवर व्होल्टेज वाचल्याशिवाय तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घालू नका.

नेण्यासाठी दोन मॉड्यूलं तोंडाला तोंड करून मधे फळ्या लावाव्यात आणि बर्थखाली सरकेल अशा खोक्यात ठेवावीत. इंजिनं मात्र हातातल्या पिशवीतच. मुंबईहून सकाळची मांडवी एक्सप्रेस सोयीची. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. मे महिना किंवा गणपती असतील तर त्याच सकाळी तिकीट काढा. पावसाळ्यात वेळापत्रक बदलतं, तेही बघून घ्या. रत्नागिरी स्टेशन शहराबाहेर कुवारबावच्या बाजूला आहे. खोकी असतील तर रिक्षावाल्याशी भाडं आधी ठरवा. जेवणाची चिंता नको, सुरमईचं ताट आणि सोलकढी कुठेही मिळते.

या छंदात अगदी नवे असाल तर आधी पुण्यात कर्वे रोडजवळचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघा. १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. सिग्नल, फाटे आणि गाड्या एकमेकांशी कशा बांधलेल्या असतात, हे तिथे एका नजरेत कळतं. योगायोग असा की कोकण रेल्वेचा पूर्ण मार्गही त्याच वर्षी २६ जानेवारीला सुरू झाला.

आणि निघण्याआधी प्रत्येक डब्याच्या पोटाला आपल्या नावाची बारीक चिठ्ठी चिकटवा. संध्याकाळी आवराआवर सुरू झाली की एकसारखे निळे डबे कुणाचे कोणते, हे ठरवण्यात अर्धा तास जातो. गाडीची वेळ झालेली असते आणि कुवारबाव लांब असतं.