अँबॅसॅडरचा डिस्ट्रिब्युटर : गाडी सुरू झाली म्हणजे काम झाले असे नाही

जुन्या पेट्रोल अँबॅसॅडरचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक प्लगला त्याच्या वेळी ठिणगी पोचवणारा भाग, बसवल्यावर गाडी सुरू झाली, की तो बरोबर बसला असे आपल्याकडे सर्रास धरले जाते. मला हे मान्य नाही. १४८९ सीसीचे ते इंजिन अतिशय सोशिक आहे. डिस्ट्रिब्युटरला फिरवणारा आतला दांडा, म्हणजे स्पिंडल, एका दात्याने चुकलेला असो किंवा थेट अर्ध्या फेऱ्याने उलटा बसलेला असो, डिस्ट्रिब्युटरची बॉडी थोडी फिरवून आणि प्लगच्या वायरी इकडच्या तिकडे करून ते चालवता येते, आणि तसे ते वर्षानुवर्षे चालतेही. ज्या दिवशी दुसरा एखादा मिस्त्री मॅन्युअलप्रमाणे वायरी लावायला जातो, त्या दिवशी मात्र कार्बुरेटरमधून भडका उडतो आणि दोष कशात आहे हे कोणालाच उमगत नाही. म्हणून डिस्ट्रिब्युटर असा बसवावा की पुढच्या माणसाला, आपण समोर नसताना, ते इंजिन नीट वाचता यावे. या कामाकडे पाहण्याची माझी दृष्टी ही आहे आणि पुढचे सगळे त्याच दृष्टीने लिहिले आहे.

हे इंजिन मूळचे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे, ज्याला बी-सिरीज म्हणतात ते. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून हिंदुस्थान मोटर्सने अँबॅसॅडर घडवली, आणि पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. याच घराण्यातील इंजिने इंग्लंडच्या एमजीए आणि एमजीबी या गाड्यांतही होती. त्यामुळे अँबॅसॅडरचे स्वतःचे मॅन्युअल हाती लागले नाही, तर त्या गाड्यांच्या मॅन्युअलमधला डिस्ट्रिब्युटरचा भाग वाचून काम समजून घेता येते. डिझेल अँबॅसॅडरला डिस्ट्रिब्युटरच नसतो, आणि नंतरच्या १८०० सीसी इसुझू इंजिनाची रचना वेगळी आहे. तेव्हा खालील मजकूर त्या दोघींसाठी नाही.

या इंजिनात डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवर गिअर नसतो. कॅमशाफ्टला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला, जो गिअर भिडतो तो एका स्वतंत्र स्पिंडलवर असतो, आणि त्या स्पिंडलच्या डोक्यावर एक खाच असते. ही खाच मुद्दाम मध्यापासून बाजूला पाडलेली असल्यामुळे तिच्या एका अंगाला मोठा भाग राहतो आणि दुसऱ्या अंगाला लहान. डिस्ट्रिब्युटरच्या खालच्या टोकाची जीभही तशीच सरकवलेली असते, त्यामुळे ती खाचेत एकाच तऱ्हेने बसते. ‘डिस्ट्रिब्युटर उलटा बसला’ असे गॅरेजमध्ये कोणी म्हणाले, तर या इंजिनापुरते ते शक्य नाही हे लक्षात ठेवावे. उलटा बसला असेल तर तो स्पिंडल, किंवा मग वायरी तरी फिरल्या असतील. महिंद्राच्या जुन्या पेट्रोल जीपमध्ये, हरिकेन इंजिनात, अशीच खाच ऑइल पंपाच्या शाफ्टला असते. तेथे ऑइल पंप काढला की टायमिंगची, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेची, बैठक गेलीच म्हणून समजावे, मग डिस्ट्रिब्युटरला हात लावलेला असो वा नसो.

नुसता डिस्ट्रिब्युटर काढायचा असेल, तर स्पिंडल जागेवरच राहतो आणि काम सोपे असते. इंजिन उघडलेले असते, कॅमशाफ्ट बदललेला असतो किंवा कोणीतरी आधी स्पिंडल काढून अंदाजाने टाकलेला असतो, तेव्हा मात्र मुळापासून सुरुवात करावी लागते, आणि ते मूळ म्हणजे एक नंबर पिस्टनचा टॉप, म्हणजे टीडीसी. एक नंबर सिलिंडर रेडिएटरच्या बाजूचा. बॅटरीची वायर सोडवावी, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा, चारही प्लग काढावेत म्हणजे हँडलने इंजिन हलक्या हाताने फिरते. क्रँक पुलीवरची खूण टायमिंग कव्हरवरच्या सर्वांत लांब सुळक्यासमोर आली की पिस्टन टॉपला आला. बऱ्याच गाड्यांत हे सुळके पुलीच्या खालच्या अंगाला असतात, त्यामुळे गाडीखाली टॉर्च घेऊन आडवे व्हावे लागते. त्याला इलाज नाही. वरून डोळ्यांनी केलेला अंदाज येथे चालत नाही.

येथेच पहिली फसगत होते. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा होतो, म्हणून पुलीची खूण दोनदा जुळते: एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. आपल्याला पहिली हवी. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून हवा बाहेर ढकलली जाते का ते पाहणे ही नेहमीची रीत आहे आणि ती चुकीची नाही. पण इंजिनाच्या डोक्यावरचे रॉकर कव्हर काढता येत असेल, तर मी व्हॉल्व्ह पाहूनच खात्री करतो. एक आणि चार नंबरचे पिस्टन बरोबरीने वर येतात. चार नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद होत असतो आणि इनटेक नुकता उघडू लागतो, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे त्याचे दोन्ही रॉकर एकमेकांविरुद्ध किंचित डुलतात, त्या क्षणी एक नंबर कॉम्प्रेशनच्या टॉपला असतो आणि त्याचे दोन्ही रॉकर बोटाने हलवले तर टिकटिक हलतात. हे दृश्य एकदा डोळ्यांत बसले की अंगठ्याची गरज उरत नाही.

आता स्पिंडल. त्याच्या डोक्यात मध्यभागी आटे असतात. त्यात ५/१६ इंच यूएनएफ (बारीक) आट्याचा, साडेतीन इंचांच्या आसपास लांबीचा बोल्ट फिरवून घेतला की स्पिंडल धरायला मूठ मिळते. ब्लॉकच्या बाजूच्या टॅपेट कव्हरचा बोल्ट यासाठी चालतो. गिअरला आणि तळाला तेलाचा हात लावावा. डिस्ट्रिब्युटरच्या भोकाकडे समोरून, घड्याळाच्या तबकडीकडे पाहावे तसे पाहायचे. खाच आडव्या रेषेच्या जरा खाली झुकलेली आणि तिचा मोठा भाग वरच्या बाजूला, अशा स्थितीत स्पिंडल आत सरकवायचा. गिअरचे दाते तिरके कापलेले असल्यामुळे ते कॅमशाफ्टच्या दात्यांना भिडले, की स्पिंडल आपणहून वळत वळत आत जातो; हाताला तो घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरताना स्पष्ट जाणवतो आणि त्याला अडवायचे नसते. पूर्ण बसल्यावर खाच साधारण एक वाजताच्या रेषेवर यायला हवी. ती बारा वाजता किंवा दोन वाजताकडे उभी राहिली, तर एक दाता चुकला. मग बोल्टाला धरून स्पिंडल बाहेर ओढावा, सुरुवातीची तिरीप किंचित बदलावी आणि पुन्हा सरकवावा. दात्यांची भेट होईपर्यंत घाई नको. ठोकून तर कधीच बसवू नये, कारण तो मार थेट कॅमशाफ्टच्या गिअरवर जातो.

बोल्ट काढून घेऊन हाउसिंग, म्हणजे डिस्ट्रिब्युटर ज्यात बसतो ते कवच, बसवताना त्याचा मूळ स्क्रूच वापरावा. दुसरा कोणताही हाताला आलेला बोल्ट लावला आणि त्याचे डोके हाउसिंगच्या पृष्ठभागाच्या वर राहिले, तर डिस्ट्रिब्युटर पूर्ण खाली बसत नाही, आणि मग जिभेत व खाचेत ढिलाई राहून टायमिंग थरथरत राहते.

एवढे सगळे करण्याऐवजी बॉडी फिरवून काम भागते, मग हा खटाटोप कशाला, हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे आणि तो रास्त आहे. पॉइंट, म्हणजे उघडले की ठिणगी पाडणारा स्विच, उघडणारा कॅम आणि ती ठिणगी वाटणारा रोटर हे एकाच शाफ्टवर असतात, आणि बॉडी फिरली की पॉइंटची प्लेट व प्लगच्या वायरींची कॅप दोन्ही तिच्याबरोबर फिरतात. म्हणून ठिणगी योग्य वेळी, कॅपच्या योग्य घरातच पडते आणि इंजिनाला काही फरक कळत नाही. स्पिंडल अर्ध्या फेऱ्याने उलटा असेल तर एक आणि चार, तसेच दोन आणि तीन या वायरींची अदलाबदल केली की झाले. दोष असा पूर्ण झाकला जातो, हीच त्यातली अडचण आहे. एका परिचिताने विकत घेतलेल्या गाडीत मी पाहिले, की इंजिनाच्या ओढीने टायमिंग सरकवणारा व्हॅक्यूमचा डबा ब्लॉकच्या अंगाला वळलेला होता. त्यामुळे त्याची नळी ताणून आणि मुरडून लावलेली होती आणि टायमिंग पुढे घ्यायला, म्हणजे ठिणगी लवकर पाडायला, बॉडी फिरवावी तर डबा लोखंडाला टेकत होता. गाडी रोज चालत होती. फक्त तिचे टायमिंग कोणालाही लावता येत नव्हते. स्पिंडल काढून एक वाजताच्या जागी आणल्यावर डबा मोकळ्या जागेत आला, नळी सरळ झाली, आणि बाकीचे काम नेहमीच्या क्रमाने उरकले.

डिस्ट्रिब्युटर आत सोडण्याआधी पॉइंटचा गॅप बाकावर ठेवूनच लावणे मला बरे वाटते, कारण बॉनेटखाली वाकून फीलर गेज, म्हणजे फट मोजायचे पान, सरळ धरता येत नाही. पॉइंटची टाच कॅमच्या उंचवट्यावर असताना गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावा. गेजचे पान पुसून घ्यावे. त्यावरचे तेल पॉइंटला लागले तर ते जळून काळे पडतात. पॉइंट झिजून एकीकडे खळगा आणि दुसरीकडे टेंगूळ आले असेल, तर गेज खोटे माप सांगते, तेव्हा नवीन पॉइंट टाकावेत. शाफ्ट बोटांनी आडवा हलवून पाहावा. तो खडखडत असेल तर आतले बुश गेलेले आहे आणि मग कोणताही गॅप स्थिर राहणार नाही. गॅप आधी आणि टायमिंग नंतर हा क्रम कधीही मोडू नये, कारण गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे जाते.

डिस्ट्रिब्युटर आत घालून रोटर हळूहळू फिरवावा; एका जागी जीभ खाचेत पडते आणि बॉडी टप्पकन खाली बसते. क्लँपचा बोल्ट बॉडी हाताने फिरेल इतकाच आवळावा.

आता इंजिन टीडीसीवरून हलवून मॅन्युअलमध्ये दिलेल्या अ‍ॅडव्हान्सच्या, म्हणजे टीडीसीच्या किंचित आधीच्या, खुणेवर आणायचे आहे, तेही एक नंबरच्या कॉम्प्रेशनवरच. हँडल घड्याळाच्या दिशेनेच फिरवत खुणेपर्यंत यावे. खूण ओलांडली, तर जरासे मागे घेऊन भागत नाही, चांगले मागे जाऊन पुन्हा त्याच दिशेने यावे लागते, नाहीतर साखळीतली आणि गिअरमधली ढिलाई मापात शिरते. मग बॅटरी जोडून, बारा व्होल्टचा लहान बल्ब घेऊन त्याचे एक टोक डिस्ट्रिब्युटरच्या बारीक वायरीच्या टर्मिनलला आणि दुसरे इंजिनाच्या लोखंडाला लावावे आणि इग्निशन चालू करावे. पॉइंट बंद असताना बल्ब विझलेला राहतो, उघडले की पेटतो. या इंजिनात रोटर घड्याळाच्या उलट फिरतो. म्हणून बॉडी आधी त्याच उलट्या दिशेने, बल्ब विझेपर्यंत न्यावी, आणि नंतर घड्याळाच्या दिशेने अगदी सावकाश आणावी. बल्ब जेथे पेटतो तेथे थांबून क्लँप आवळावा. हे करताना रोटरला बोटाने घड्याळाच्या दिशेने हलका दाब ठेवला, तर उरलीसुरली ढिलाईही निघून जाते. इग्निशन लगेच बंद करावे, नाहीतर कॉइल विनाकारण तापते.

रोटर आता कॅपच्या ज्या घराकडे पाहतो ते एक नंबरचे घर. तेथून घड्याळाच्या उलट दिशेने १-३-४-२ अशा वायरी लावत जावे.

हँडल मारून गाडी सुरू करणार असाल तर अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, दांड्याला विळखा घालून धरू नये. टायमिंग फार पुढे गेलेले असेल तर हँडल उलट झटका देते आणि मनगट मोडू शकते. हे मी कोणालाही शिकवताना सर्वांत आधी सांगतो.

टायमिंग लाइट असेल तर व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करावे आणि इंजिन मंद चालीवर ठेवून खूण तपासावी. रेस दिल्यावर खूण पुढे सरकायला हवी. ती जागची हलली नाही, तर डिस्ट्रिब्युटरमधली, वेग वाढला की टायमिंग पुढे नेणारी वजने किंवा त्यांच्या स्प्रिंगा अडकलेल्या आहेत. शेवटची परीक्षा रस्त्यावरच होते. मोठ्या गिअरमध्ये हलक्या चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला असता इंजिनातून नॉकिंगचा खडखडाट आला, तर टायमिंग पुढे आहे. पिकअप मेला, इंजिन तापू लागले आणि गाडी पेट्रोल जास्त पिऊ लागली, तर मागे आहे. लुकासच्या जुन्या डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूमच्या डब्याजवळ रेघा पाडलेला लहान नट असतो. त्याच्या साधारण अकरा टकटकींना एक अंश सरकतो, त्यामुळे क्लँप न सोडता ही अखेरची सुधारणा करता येते. मात्र त्याचा उपयोग अंशा-दोन अंशांपुरताच करावा. त्याहून अधिक लागत असेल तर मूळ जुळणी पुन्हा तपासावी.

नवीन पॉइंट टाकले असतील, तर चारपाचशे किलोमीटरनंतर गॅप पुन्हा पाहावा. त्यांची फायबरची टाच सुरुवातीला कॅमवर घासून बसते, तेवढ्याने गॅप कमी होतो आणि टायमिंग किंचित मागे पडते. त्या वेळी बॉडीला हात लावू नये. गॅप पूर्ववत केला की टायमिंगही जागेवर येते, आणि बल्ब लावून ते एकदा पडताळून पाहिले की पुरे.